पत्रा दाबून बघणाऱ्यांसाठी

आपल्याकडे गाडी घ्यायला गेलेला माणूस तीन गोष्टी हमखास करतो. दार धाडकन लावून आवाज ऐकतो, टायरला हलकीशी लाथ मारतो आणि मग दारावर अंगठा दाबून बघतो. पत्रा जरा आत गेला की शेजारच्याकडे बघून मान हलवतो. "काही राम राहिला नाही हो हल्लीच्या गाड्यांत. आमच्या फियाटचा पत्रा बघितला असतात तर..." पुढचं तुम्हाला पाठ असेल. आमच्या घरात तर हे वाक्य दर दिवाळीला चकलीबरोबर येतं.

पोलाद तापवणं, थंड करणं आणि मोडलेलं पोलाद का मोडलं ते शोधून काढणं हाच माझा गेल्या वीसेक वर्षांचा पोटापाण्याचा उद्योग. त्यामुळे गाडी घ्यायच्या आधी नातेवाईक मला फोन करतात. (घेतल्यावर करत नाहीत, ते बरंच आहे.) "पत्रा कुणाचा जाड रे?" हा पहिला प्रश्न. अलीकडे त्यात दुसऱ्याची भर पडली आहे, "यात म्हणे अल्ट्रा हाय स्ट्रेंग्थ स्टील आहे, म्हणजे चांगलंच ना?" दोन्ही प्रश्नांची उत्तरं फोनवर देऊन देऊन घसा बसला, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. माझं म्हणणं असं की पहिला प्रश्न चुकीच्या गोष्टीबद्दल आहे आणि दुसरा अर्धवट आहे. आणि जो तिसरा प्रश्न विचारायला हवा, तो कुणीच विचारत नाही.

आधी अंगठ्याचं बघू. अंगठा दाबल्यावर जे जाणवतं तो पत्र्याचा ताठपणा. ताकद नव्हे. बोलताना आपण दोन्ही एकच धरतो, पण पोलादाच्या बाबतीत यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. पोलाद किती सहज वाकतं-लवतं हे ठरवणारा जो आकडा आहे, तो साध्या पत्र्यापासून ते विमानाच्या चाकांच्या पायापर्यंत सगळीकडे जवळपास सारखाच, २०० गिगापास्कलच्या आसपास. तुम्ही पोलादाची ताकद पाचपट करा, ताठपणा होता तिथेच राहतो. तो बदलतो जाडीने, आणि फार झपाट्याने बदलतो. जाडीच्या घनाच्या प्रमाणात. पत्रा ०.८ मिलिमीटरचा ०.७ केला तर जाडी कमी झाली आठवा हिस्सा, पण ताठपणा गेला जवळजवळ एक तृतीयांश. काकांच्या अंगठ्याला हा एक तृतीयांश बरोब्बर कळतो. त्या पत्र्याखाली काय दडलंय ते मात्र कळत नाही.

आणि खरी गोष्ट पत्र्याखालीच आहे. बाहेरचा पत्रा म्हणजे गाडीची कातडी. वारा, पाऊस आणि शेजाऱ्यांचा क्रिकेटचा चेंडू एवढंच तिने झेलायचं. अपघात झेलायचा तो आतल्या हाडांनी. पुढच्या आणि मागच्या दारांच्या मधे जो उभा खांब असतो, ज्यावर सीटबेल्ट लटकतो, त्याला बी-पिलर म्हणतात. दाराच्या आत एक आडवा दांडा असतो. पावलाखाली उंबरठ्यासारखा एक बंद खोका असतो. कुणी समोरून आदळलं तर तुमच्या आणि त्याच्या मधे अख्खं बॉनेट आहे, चुरगळायला भरपूर जागा आहे. कुणी बाजूने आदळलं तर मधे वीतभर अंतर, आणि त्यात तुमची बरगडी. तिथल्या खांबाला वाकण्याची मुभाच नाही. म्हणून सगळ्यात ताकदीचं पोलाद तिथे घालतात.

ताकद म्हणजे किती? साध्या पत्र्याच्या एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेला (म्हणजे सुतळीहून बारीक) तुम्ही साधारण ३० किलो टांगू शकता. बी-पिलरमध्ये जे पोलाद घालतात त्याच्या तेवढ्याच तारेला १५० किलो. शास्त्रीय भाषेत ३०० आणि १५०० मेगापास्कल. पाचपट.

ही पाचपट ताकद येते कुठून, हा मला या सगळ्यातला सगळ्यात सुंदर भाग वाटतो, म्हणून इथे थोडं रेंगाळतो. ज्यांना कंटाळा येईल त्यांनी खुशाल दोन-तीन परिच्छेद ओलांडावे.

आपला लोहार विळा करतो तेव्हा शेवटी काय करतो? लाल तापवतो आणि पाण्यात बुडवतो. आपल्या भाषेत त्याला 'पाणी देणं' म्हणतात. लाल असताना पोलादातला कार्बन लोखंडात विरघळलेला असतो, चहात साखर असावी तसा. सावकाश गार होऊ दिलं तर कार्बन बाहेर पडून आपापली वेगळी चूल मांडतो आणि लोखंड मऊ राहतं. एकदम गार केलं तर त्याला बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तो आतल्या आत अडकतो, लोखंडाच्या अणूंची सगळी घडी ताणून धरतो, आणि पोलाद कडक होतं. या अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात, आडोल्फ मार्टेन्स या जर्मन शास्त्रज्ञाच्या नावावरून. नाव नंतरचं, विळा त्याच्या कितीतरी आधीचा.

गाडीचा खांब हा असा पाणी दिलेला विळाच आहे. फक्त पाणी द्यायची तऱ्हा निराळी. आणि त्या तऱ्हेचा उगमही विळ्याच्या भावकीतलाच! १९७७ साली स्वीडनमधल्या प्लान्या या कंपनीने एका पद्धतीचं पेटंट घेतलं, ज्यात तापवलेला पत्रा साच्यात दाबायचा आणि साच्यातच गार करायचा. पहिला उपयोग झाला तो करवतीची आणि गवत कापायच्या यंत्राची पाती बनवायला. १९८४ मध्ये साब कंपनीने तिच्या ९००० या गाडीत असा भाग वापरला आणि मग हळूहळू सगळं मोटारजग त्या वाटेने गेलं.

पद्धत ऐकायला साधी आहे. पत्रा बोरॉनच्या पोलादाचा घ्यायचा. त्यात कार्बन जेमतेम ०.२२ टक्के, मँगनीज सव्वा टक्क्याच्या आसपास आणि बोरॉन इतकं चिमूटभर की टनाला तीसेक ग्रॅम. वरणाला हिंग लागतं ना, तेवढं. पण ते नसेल तर बेत फसतो. बोरॉन कणांच्या सीमांवर जाऊन बसतं आणि मऊ लोखंड तयार होण्याची सुरुवातच लांबवतं, त्यामुळे गार करायला थोडी उसंत मिळते. हा पत्रा भट्टीत ९०० अंशांच्या वर काही मिनिटं ठेवायचा. बाहेर येतो तो लालभडक आणि पापडाच्या लाटीसारखा मऊ. रोबो तो उचलतो आणि काही सेकंदांत प्रेसमध्ये ठेवतो. रेंगाळायला परवानगी नाही, कारण हवेत गार व्हायला लागला की संपलं. साचा बंद होतो. साच्याच्या पोटातून थंड पाणी खेळवलेलं असतं. पत्रा एकाच दणक्यात आकार घेतो आणि त्याच मिठीत सेकंदाला तीसेक अंशांच्या वेगाने गार होतो. दहा सेकंदांनी साचा उघडतो तेव्हा आत गेलेला ६०० मेगापास्कलचा पत्रा १५०० चा होऊन बाहेर येतो.

एवढं तापवायची कटकट का, गारच दाबला तर? गार दाबता येतो, पण इतकं ताकदीचं पोलाद साचा सोडल्यावर आपल्या मूळ आकाराकडे उसळतं. कितीही समजावलं तरी आपलंच खरं करणारी माणसं असतात ना, तसं. शिवाय तीव्र वळणांवर फाटतं. लाल असताना मात्र निमूट ऐकतं. आता चाकण भागातही हे काम चालतं. संधी मिळाली तर एकदा बघाच. भट्टीच्या तोंडातून लाल पत्रा निघतो आणि श्वास घेऊन सोडायच्या आत तो खांब झालेला असतो. मी शेकडो वेळा पाहिलंय, अजून मान वळते.

तर सांगायचा मुद्दा असा, की पातळ पत्रा म्हणजे लबाडी हे समीकरण डोक्यातून काढून टाका. काकांच्या जाड पत्र्याच्या जुन्या गाडीत असा खांब नव्हता. जाड कातडी आणि मऊ हाडं. रस्त्यावर ठोकर बसली तर बंपरला ढिम्म होत नसे हे खरं, पण वेगातला खरा अपघात वेगळा आणि गेटला घासणं वेगळं.

इथवर मी पोलादवाल्यांच्या बाजूने बोललो. आता दुसरी बाजू, कारण जाहिरातवाल्यांनी या १५०० च्या आकड्याचं जे देवघर मांडलंय ते मला पसंत नाही.

पहिली गोष्ट, "अमुक टक्के हाय स्ट्रेंग्थ" हे वाक्य फार ढिलं आहे. हाय कुठे सुरू होतं, अल्ट्रा कुठे, यावर सगळ्यांचं एकमत नाही. कुणी ७८० मेगापास्कलपासून अल्ट्रा म्हणतं, कुणी ९८० पासून. दुसरी, जास्त ताकद सगळीकडे हवी असते असंही नाही. पुढचे दांडे चुरगळायलाच हवेत, त्यातच धडकेचा जोर जिरतो. चांगल्या गाडीत तर एकाच बी-पिलरचा वरचा भाग कडक आणि तळाचा मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे वाकायचं झालंच तर तो खाली वाकेल, बरगडीच्या उंचीवर नाही. त्यामुळे किती टक्के यापेक्षा कुठे, हे महत्त्वाचं. ते ब्रोशरमध्ये सहसा नसतं. त्यापेक्षा ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेल्या भारत एनकॅपचा निकाल बघावा. तिथे आख्खी गाडी आपटून बघतात, टक्के मोजत नाहीत.

तिसरी गोष्ट सगळ्यात मोठी. ताकद वाढते तसा सहसा चिवटपणा कमी होतो. ताकद म्हणजे किती ओझं पेलेल. चिवटपणा म्हणजे एखादी बारीक चीर असताना किती तग धरेल. घरातलं उदाहरण द्यायचं तर कानस. कानशीएवढं कडक घरात काही नसेल, पण फरशीवर पडली तर दोन तुकडे. आणि चीर नसलेली वस्तू जगात नसते, ती फक्त दिसायची बाकी असते.

याची किंमत एकदा विमानवाल्यांनी मोजली. अमेरिकेचं एफ-१११ हे पंख मागे-पुढे करणारं लढाऊ विमान. पंख ज्या बिजागरीवर फिरायचा ती डी६एसी नावाच्या अतिशय ताकदीच्या पोलादाची होती. २२ डिसेंबर १९६९ रोजी नेवाडात एका सरावात यातल्या एका विमानाचा पंख हवेत निखळला. विमान जवळपास नवं होतं, शंभराच्या आसपास तास उडालेलं. दोन्ही वैमानिक गेले. तपासात निघालं की बिजागरीचा तुकडा घडवतानाच त्यात एक दोष राहिला होता आणि तो सगळ्या तपासण्यांतून निसटला होता. उड्डाणांत तो अगदी थोडासाच वाढला आणि तेवढ्यावर पोलादाने दगा दिला. मऊ पोलादाने तोच दोष कदाचित वर्षानुवर्षं सांभाळला असता. त्यानंतर त्यांनी काय केलं ते मला फार आवडतं. प्रत्येक एफ-१११ विमान उणे ४० अंशांपर्यंत थंड करून त्याच्या पंखांवर मोठा भार द्यायला सुरुवात केली. थंडीत पोलादाचा चिवटपणा आणखी घटतो. तिथे टिकलं तर आत धोक्याएवढी चीर नाही, म्हणून उडायला मोकळं. मोडायचंच असेल तर जमिनीवर मोड, असा रोखठोक व्यवहार.

"मग ताकद आणि चिवटपणा दोन्ही मिळतच नाही का?" मिळतं, खिसा सैल सोडलात तर. मॅरेजिंग नावाचं पोलाद असतं. (लग्नाशी संबंध नाही, मार्टेन्साइट आणि एजिंग यांची संधी आहे.) यात कार्बन जवळजवळ नसतोच. १८ टक्के निकेल, शिवाय कोबाल्ट, मॉलिब्डेनम आणि थोडं टायटॅनियम. आधी मऊ असतानाच हवं तसं कापा, जोडा आणि मग ४८० अंशांवर काही तास नुसतं ठेवून द्या. आत बारीक कण तयार होतात आणि ताकद १७००च्या वर जाते, तरीही चिवटपणा पुष्कळ उरतो. आपल्या पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्याचं २.८ मीटर व्यासाचं कवच याच पोलादाचं. इस्रोसाठी अशी कवचं जिथे बनली त्यातलं एक ठिकाण म्हणजे आपल्या इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर. उसाच्या गावात रॉकेटची हाडं! पण निकेल-कोबाल्टचे भाव बघता हे पोलाद तुमच्या-माझ्या हॅचबॅकमध्ये येण्याची शक्यता नाही.

आणखी एक शत्रू आहे, जो दिसत नाही आणि उशिरा चावतो. हायड्रोजन. सगळ्यात लहान अणू, पोलादाच्या जाळीतून सहज आत शिरतो. आम्लाने गंज काढताना, वीज लावून मुलामा चढवताना किंवा नुसतं गंजतानाही. १८७५ साली डब्ल्यू. एच. जॉन्सन या माणसाने हे पहिल्यांदा नीट टिपून ठेवलं. लोखंडी तार काही मिनिटं आम्लात बुडवली की ती वाकवताच मोडते, मोडलेला भाग ओला केला की त्यातून बुडबुडे येतात, आणि काही काळ तशीच ठेवली तर परत बरी होते! साध्या पत्र्याला याचा फारसा त्रास नाही. ताकद हजाराच्या पुढे गेली की मात्र हा विकार बळावतो.

आमच्याकडे एकदा १२.९ ग्रेडचे बोल्ट मुलामा देऊन आले. (बोल्टच्या डोक्यावरचा हा आकडा म्हणजे १२०० मेगापास्कल ताकद आणि तिच्या नव्वद टक्क्यांवर तो कायमचा ताणला जाणार.) अशा बोल्टांना मुलामा दिल्यावर लगेच २०० अंशांच्या आसपास बरेच तास भाजायचं असतं, म्हणजे हायड्रोजन निघून जातो. मुलामावाल्याने विजेचं बिल वाचवलं असावं. आम्ही नमुन्याचे बोल्ट आवळून रात्रभर ठेवले. संध्याकाळी ठणठणीत, सकाळी दोन बोल्टांची डोकी जमिनीवर. कुणी हात लावला नव्हता. नव्या मुलांना मी अजून ती डोकी दाखवतो.

हेच मोठ्या प्रमाणावर सॅन फ्रान्सिस्कोच्या बे ब्रिजवर झालं. पुलाच्या नव्या पूर्व भागाच्या एका खांबावर मनगटाहून जाड अशा ९६ सळया होत्या, जस्ताचा मुलामा दिलेल्या, हजार मेगापास्कलच्या घरातल्या. २००८ मध्ये बसवल्या, मग न ताणता काही वर्षं तशाच राहिल्या आणि त्यांच्या भोकांत पाणी साचलं. मार्च २०१३ मध्ये त्या ताणल्या. पुढच्या काही दिवसांत ३२ मोडल्या. शेवटी त्यांचं काम करायला वेगळं पोलादी खोगीर बसवावं लागलं आणि पूल सप्टेंबरमध्ये उघडला. लक्षात घ्या, ताकदीच्या चाचणीत त्या सळया नापास झालेल्या नव्हत्या. आपल्या खांबाच्या पत्र्यालाही हा धोका आहे. भट्टीत हवेतली वाफ पत्र्यावरच्या ॲल्युमिनियमच्या लेपाला भिडली की हायड्रोजन सुटतो, म्हणून भट्टीत कोरडी केलेली हवा सोडतात. जुलैतल्या चाकणच्या हवेत हे किती गरजेचं आहे ते सांगायला नको.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं त्या तिसऱ्या प्रश्नाकडे येतो. "ही गाडी ठोकली गेली तर दुरुस्त कशी होणार?"

मागच्या वर्षी भाचीला जुनी गाडी घ्यायची होती. पांढरी, चार वर्षांची, कमी फिरलेली. "मामा, तू नुसतं बघून घे ना." मी मागच्या बाजूने बी-पिलरचं रबर जरा ओढून बघितलं. रंगाखाली लांबीचा थर, आणि जिथे रंग नीट बसला नव्हता तिथे पोलादावर निळसर-करडी झाक. ही झाक म्हणजे इथे गॅस मारल्याची खूण. विकणाऱ्याने सांगितलं की अपघात वगैरे काही नाही, "मायनर टचअप" आहे. भाचीने गाडी सोडली. आठवडाभरात ती दुसऱ्या कुणीतरी घेतली.

नंतर मी ओळखीच्या एका डेंटरकडे मुद्दाम गेलो. हाताने सोनं करणारा माणूस, मोठमोठे पोचे असे काढतो की बोट फिरवूनही कळू नये. त्याला बी-पिलरबद्दल विचारलं. म्हणाला, "साहेब, हा नव्या गाड्यांचा खांब लई हट्टी. हातोड्याला ऐकतच नाही. गॅस मारला की मग लोण्यासारखा."

अगदी खरं बोलला. हातोड्याला ऐकत नाही कारण त्याला पाणी दिलेलं आहे. आणि गॅसने लोण्यासारखा होतो कारण त्या क्षणी त्याचं पाणी उतरतं. लोहाराला विचारा, विळा चुलीत राहिला तर धार धरेल का? ४०० अंशांच्या पुढे अडकलेला कार्बन सुटायला लागतो. लाल करून हवेत गार होऊ दिला तर १५०० चा खांब परत ६०० च्या घरात. दिसायला तसाच, रंगही तसाच, वजनही तेवढंच. पण पत्रा मात्र १५०० च्या हिशोबाने पातळ केलेला. म्हणजे काकांची भीती इथे खरी होते, पत्रा पातळ आणि मऊही. गाडी विकत घेताना ती अशी नव्हती, आपण दुरुस्त करून केली.

म्हणून गाड्या बनवणारे या भागांबाबत सहसा एकच सांगतात. तापवू नका, सरळ करू नका, बदला. पण हे सांगतात कुठे? त्यांच्या दुरुस्तीच्या पुस्तकात, जे अधिकृत वर्कशॉपात असतं. आपल्या बहुतेक गाड्या वॉरंटी संपल्यावर कोपऱ्यावरच्या गॅरेजात जातात. त्या डेंटरला हे कुणी कधी सांगितलेलंच नाही. त्याला दोष देणं मला मुळीच मंजूर नाही. पत्रा साधा होता तेव्हा तापवून ठोकणं हे बरोबरच होतं. त्याच्या हाताखालून पोलाद बदललं आणि त्याला कळवायची तसदी कुणी घेतली नाही.

माझं मत विचाराल तर हे त्या भागावरच लिहिलेलं असावं. औषधाच्या पाकिटावर लाल रेघ असते, सिलिंडरच्या कड्यावर तपासणीची तारीख असते. खांब साच्यात दाबतानाच त्यावर एक ठसा उमटवायला काय लागतं? "तापवू नये" एवढे दोन शब्द, हिंदीत का होईना. रंग खरवडला की डोळ्यांसमोर यावेत असे. दुसरं, विम्याचे सर्व्हेअर अशा खांबापुढे "बदला"ऐवजी "दुरुस्त करा" लिहितात तेव्हा ते काय वाचवतात आणि कुणाचं, याचा विचार व्हायला हवा. खांब बदलणं महाग आहे, हे कबूल. कापायचा, नवा जोडायचा, तोही ठरलेल्या जागीच, कारण सांध्याजवळही उष्णतेने पोलाद मऊ पडतं. टॅक्सी चालवून पोट भरणाऱ्याला हे परवडत नाही हेही दिसतं. पण त्याने निदान जाणून ठरवावं. आज त्याला पर्याय काय आहेत हेच माहीत नसतं, आणि मागच्या सीटवरच्या प्रवाशाला तर काहीच माहीत नसतं.

काही मित्र म्हणतात, "एवढं कडक पोलाद, अपघातानंतर कापून माणसं काढायची तर अग्निशमनवाल्यांची जुनी कटर चालत नाहीत, मग उपयोग काय?" आक्षेप रास्त आहे, त्यांना नवी अवजारं आणि कुठे कापायचं याचे नकाशे मिळायलाच हवेत. पण कापून काढायला आत जिवंत माणूस असावा, यासाठीच तर तो खांब आहे.

तर पुढच्या फोनच्या आधी माझं उत्तर लिहून ठेवतो. नवी गाडी असेल तर अंगठा खिशात ठेवा, अपघात चाचणीचा निकाल बघा. गाडीला ठोकर बसली असेल तर गॅरेजवाल्याला पहिल्यांदा विचारा, कुठला भाग आहे, आणि खांब किंवा उंबरठा असेल तर गॅस लावू देऊ नका. तो म्हणेल, "साहेब, काही होत नाही." त्याला हे विळ्याचं उदाहरण सांगा, लगेच पटतं, माझा अनुभव आहे. जुनी गाडी असेल तर चारही दारं उघडा आणि चौकटीवरचं रबर हळूच ओढून आतली कड बघा. कंपनीच्या वेल्डिंगचे ठिपके एका ओळीत, सारख्या अंतरावर असतात. ओळ मधेच बिघडली असेल, लांबी दिसली किंवा निळी झाक दिसली, तर गाडी कितीही चकचकीत असो, नमस्कार करून निघा. आणि बघून झालं की ते रबर परत नीट दाबून बसवा, नाहीतर पावसाळ्यात पाणी आत येतं आणि विकणाऱ्याच्या शिव्या मला बसतात.